गोलात कोण

वहिनींनी पिशवीतून हिरवी जर्सी बाहेर काढली आणि कप्तान आणि लाइनमन दोघांचंही बोलणं एकदम बंद पडलं. सकाळपासून दोघांनी भांडून भांडून खोली डोक्यावर घेतली होती. आता दोघंही त्या कापडाकडे बघत राहिले. कोपरांवर ठिगळं लावलेली, गळ्याशी विटलेली ती जर्सी होती. संघाकडे पहिल्या वर्षांत गोलकीपरसाठी एवढी एकच होती आणि ती धुवायला वहिनींकडे असायची.

खोली कपडे बदलायची होती. लांब बाक, सिमेंटची जमीन, कितीही फिनेल ओता, न जाणारा घामट वास. बाकावरच्या भिंतीत खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्याखाली एकेका खेळाडूचं टोपणनाव रंगवलेलं होतं. मास्तरांची, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची, संघ निवडायची रीतच तशी. छापखान्यात मुकादमी करणारा माणूस, बोलणं मोजून मापून. सामन्याच्या दिवशी ते दार लावून घेत, खेळणाऱ्यांच्या खिळ्यांवर जर्श्या लावत आणि दार उघडत. ज्याचा खिळा रिकामा, तो बाहेर. ना भाषण, ना समजूत, ना हुज्जत.

आता फुटबॉल क्लबाला नवी गॅलरी बांधून झाली होती आणि तिच्या भिंतीवर सुरुवातीच्या सहा वर्षांतला सर्वोत्तम संघ रंगवायचा होता. त्या सहा वर्षांतला एकही सामना न चुकवलेली तीनच माणसं उरली होती. एक कप्तान, म्हणजे तेव्हाचा गोलासमोर उभा राहणारा सेंटर हाफ आणि आताचा सायकलदुकानवाला. दुसरे लाइनमन, जे तेव्हाही निशाण घेऊन धावायचे आणि अजूनही बोलताना हात वर करायचे. तिसऱ्या वहिनी. निवड जुन्याच रीतीनं करायची असं ठरलं होतं. जुने खेळाडू बाहेर ओसरीवर बसले होते, दहा जर्श्या खिळ्यांवर लागल्या होत्या आणि गोलकीपरांचे दाराजवळचे दोन खिळे तेवढे ठरायचे राहिले होते. एकाखाली लिहिलं होतं ‘चित्ता’, दुसऱ्याखाली ‘खांब’.

चित्ता हा वहिनींचा सख्खा धाकटा भाऊ. खांब हा त्यांचा सख्खा दीर.

कप्तानाचं मत चित्त्याला, लाइनमनचं खांबाला. आता जर्सी वहिनींच्या हातात होती, आणि इकडे आड तिकडे विहीर म्हणजे काय, ते त्यांना कुणी शब्दकोशातून सांगायची गरज नव्हती.

चित्त्याचं नाव लोकांनी ठेवलं होतं ते त्याच्या उड्यांवरून. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात असा काही झेपावायचा की समोरच्या संघाचे लोकही टाळ्या वाजवायचे. खांबाचं नावही लोकांनीच ठेवलं होतं, पण चिडवायला. गोलाचे दोन खांब उभे, हा तिसरा. चेंडू यायचा तो बहुतेक वेळा त्याच्या पोटावरच यायचा. लोक म्हणायचे, नशीबवान आहे बेटा.

साध्या सामन्यांना मास्तर दोघांना आळीपाळीनं खेळवायचे. एकदा बायकोचा भाऊ, एकदा स्वतःचा. त्यामुळे दोन्ही घरांत शांतता होती. जो बाहेर असेल त्यानं दुसऱ्याच्या हातमोज्यांच्या नाड्या बांधायच्या, असा नेम होता. ते मोजे जुन्या पद्धतीचे, मनगटाला नाडीचे. पहिला मोजा माणूस कसाबसा बांधतो, दुसरा त्याला स्वतःला बांधता येत नाही. मग सगळं बिनसलं ते सहाव्या वर्षी, चषकाच्या शेवटच्या सामन्यात. त्या दिवशी जर्सी खांबाच्या खिळ्यावर होती. चित्त्यानं मुकाट्यानं त्याच्या नाड्या बांधल्या, बाकाच्या टोकाला जाऊन बसला, आणि संघ एका गोलानं हरला तसा पिशवी उचलून जो गेला तो पुन्हा या मैदानावर आला नाही. बहिणीच्या घरीही आला नाही. दाजींनी रक्ताकडे पाहिलं, खेळाकडे नाही, असं तो ज्याला त्याला सांगत राहिला. बहिणीला आईच्या घरी भेटायचा, तिच्याशी हसायचा-बोलायचा, पण दाजी यायच्या आत निघून जायचा. मास्तर गेले तेव्हा मातीलाही आला नाही.

आणि गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. तो म्हणाला, "ताई, या वेळी तरी न्याय कर. मग मी घरी येतो. आता तुला मी आणि मला तू, आपलं आहे तरी कोण?"

वहिनींना त्या रात्री जेवण गेलं नव्हतं. आई गेली, मोठी बहीण गेली, माहेर म्हणून हा एवढाच उरला होता. बरं, दिराची अडचण म्हणावी तर तीही नव्हती. त्यानं आज सकाळी मैदानाकडे येताना चप्पल घालता घालता सांगून टाकलं होतं की वहिनी, त्याचंच नाव लावा, मला काय करायचंय भिंतीवर चढून. म्हणजे सगळे दरवाजे मोकळे होते. चित्त्याच्या खिळ्यावर जर्सी अडकवायची आणि भाऊ परत मिळवायचा. एवढं सोपं काम करताना हात का जड व्हावा?

बाहेरून दार वाजलं. क्लबाचा चिटणीस होता. दार न उघडताच त्यानं विचारलं की झालं का, कारण पेंटर नावांची वाट बघत शिडीवर चढून बसलाय. कप्तान त्याच्यावर खेकसला. मग आवाज खाली आणून वहिनींकडे वळला आणि त्याच त्या गोष्टीवर आला, ज्या गोष्टीवर तो गेली तीस-पस्तीस वर्षं यायचा. चषकाचा तो गोल. चित्ता असता तर तो गोल झाला नसता. अशी झेप घेतली असती की बस्स. खांब जागचा हलला नाही.

लाइनमन म्हणाले की तो गोल कुणालाच अडवता आला नसता. कप्तान म्हणाला की तुम्ही मैदानाच्या पलीकडच्या टोकाला होतात, तुम्हाला काय दिसणार. लाइनमनचा हात वर गेला. पुन्हा सुरू होणार, हे वहिनींनी ओळखलं.

"मी गोलाच्या मागे बसले होते," त्या म्हणाल्या.

हे दोघांनाही माहीत होतं. पाण्याची कळशी आणि जर्श्यांची पिशवी गोलामागे असायची आणि तिच्याजवळ वहिनी. तिथून खेळ नीट दिसत नाही, जाळीच दिसते, म्हणून तिथे दुसरं कुणी बसत नसे. पण तिथून ऐकू येतं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

वहिनींनी तिथे सहा वर्षं ऐकलं होतं. भाऊ गोलात असला की मागे शांतता असायची. तो काही बोलायचा नाही, कुणाला हाक द्यायचा नाही, चेंडू सुटला की मग झेपावायचा. लोक टाळ्या वाजवायचे आणि वहिनींचा जीव टांगणीला लागलेला असायचा. दीर गोलात असला की अखंड पुटपुट. डावीकडे सरक. तू मागे ये. त्याला सोडू नको. घरी दहा वाक्यांना एक उत्तर देणारा माणूस तिथे बोलून बोलून घसा बसवायचा. त्याच्यापर्यंत चेंडू यायचाच कमी, आणि यायचा तो त्यानं ठरवून मोकळ्या ठेवलेल्या वाटेनं. लोकांना वाटायचं नशीब.

"कप्तान," वहिनी म्हणाल्या, "तो गोल करणारा तुमच्या पाठीमागून आला. भाऊजी तुम्हाला हाका मारत होते. मागे बघ, मागे बघ, म्हणून त्यांचा आवाज फाटला होता. भाऊजींनी हे कधी कुणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. आज तुम्हीच सांगा, ऐकू आलं होतं की नाही?"

कप्तान बाकावर बसला. कोंबडं किती वर्षं झाकून ठेवणार? त्यानं गुडघ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "आलं होतं. मला वाटलं, हा काय नेहमीच बडबडतो."

लाइनमनचा वर गेलेला हात खाली आला. वहिनींनी हिरवी जर्सी झटकली, बाह्या सरळ केल्या आणि ती खांबाच्या खिळ्यावर अडकवली. हातमोजे खाली बाकावर ठेवले. मग स्वतःच जाऊन दार उघडलं, कारण कप्तानाला उठवेल असं दिसेना.

म्हातारे एकामागून एक आत आले. केस गेलेले, दात गेलेले, पोटं सुटलेली, पण दारातून आत येताच प्रत्येकाची नजर पोरासारखी आपल्या खिळ्याकडे धावत होती. ज्याला जर्सी दिसली तो ती काढून छातीशी धरत होता, ज्याचा खिळा रिकामा तो नाक शिंकरल्याचं सोंग करत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मैदानावर पाय ठेवलेला चित्ता सगळ्यात शेवटी आला. अंगानं अजून सडपातळ, पण काठी हातात. त्यानं दारातूनच पाहिलं.

"ताई," तो म्हणाला, "शेवटी दाजींचीच री ओढलीस."

आता तोंडात मूग धरून बसता आलं असतं. मास्तर गेले होते, त्यांच्यावरचा आळ आणखी थोडा वाढला असता तर त्यांना काय कळणार होतं? वहिनींच्या मनात हा विचार आला, नाही असं नाही. पण भिंतीवर रंग लागणार होता. नाव दिराचं, आणि त्या नावाखाली कुणी न लिहिलेलं पण सगळ्यांनी वाचलेलं, की हा मास्तरांचा भाऊ म्हणून. ते त्यांना सोसवेना.

"यांची नाही रे, माझीच ओढली," त्या म्हणाल्या. "तेव्हाही मीच लावली होती."

त्यांनी सगळं तिथेच सांगितलं. त्या दिवशी मास्तरांनी दहा जर्श्या लावल्या आणि हिरवी हातात घेऊन नुसते उभे राहिले. माझ्या भावाला लावली तर तुझी आई काय म्हणेल, तुझ्या भावाला लावली तर माझी आई जेवायची नाही, आणि मला दोघंही सारखेच दिसतात, असं म्हणाले. तू मागे बसतेस, तुला जो बरा वाटतो त्याला लाव. आणि मागच्या दारानं निघून गेले. नंतर भाऊ रुसून गेला, तेव्हा वहिनी त्याच्याकडे जाऊन खरं सांगायला निघाल्या होत्या. मास्तरांनीच अडवलं. ते म्हणाले, माझ्यावर रागावलाय तोवर तो तुझा भाऊ आहे. तुझ्यावर रागावला तर तुला माहेर राहणार नाही. राहू दे माझ्यावर.

दीर भिंतीला टेकून खाली बघत होता. यातलं त्यालाही काही ठाऊक नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

चित्त्यानं काठी दोन्ही हातांनी धरली. "मग मी त्यांच्या मातीला आलो नाही," तो म्हणाला, "ते कुणावरच्या रागानं?"

वहिनींना डोळ्यांना पदर लावावासा वाटला, पण त्यांनी लावला नाही. भाऊ समोर उभा होता आणि त्याच्याकडे बघायचं टाळणं म्हणजे पळून जाणं झालं असतं.

"मी बरा नव्हतो का, ताई?"

"उडी तुझ्यासारखी कुणाचीच नव्हती," त्या म्हणाल्या. "पण तुला फार उड्या माराव्या लागायच्या."

चित्ता वळला आणि दाराबाहेर पडला. ओसरीवर त्याची काठी वाजत गेली. वहिनींना वाटलं, संपलं. खरं बोलले आणि माहेर गमावलं, नवरा सांगत होता तेच झालं. त्या बाकावर बसल्या, तसा चिटणीस घाईघाईनं आत आला आणि म्हणाला की फोटोवाला थांबलाय, सगळ्यांनी जर्श्या घालाव्यात. खांबानं ठिगळांची हिरवी जर्सी डोक्यातून घातली. पोटाशी ती अडकली, ती लाइनमननं ओढून खाली केली. मग त्यानं मोजे उचलले. पहिल्या मोज्याची नाडी त्यानं दातांनी ओढून कशीबशी बांधली. दुसरा मोजा हातात घातला आणि थांबला.

सगळे होते तिथे, पण पुढे कुणी होईना. ते काम कुणाचं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. खांब मनगट पुढे करून उभा राहिला. कुणाकडे बघत नव्हता, नुसता उभा होता. फोटोवाल्यानं बाहेरून दोनदा हाक दिली. कप्तान अर्धवट उठला आणि पुन्हा बसला.

ओसरीवर काठी पुन्हा वाजली. चित्ता आत आला, काठी बाकाला टेकवून ठेवली आणि खांबाच्या समोर उभा राहिला. बोटं वाकडी झाली होती, नाडी हातातून दोनदा निसटली. तिसऱ्यांदा त्यानं ती मनगटाभोवती नीट फिरवून घेतली.

"घट्ट होतंय का?" त्यानं विचारलं.

"राहू दे," खांब म्हणाला. "तू नेहमी अशीच बांधायचास."

चित्त्यानं गाठ मारली आणि लोंबणारं टोक आत खोचलं. बहिणीकडे त्यानं पाहिलं नाही. काठी घेतली आणि बाकाच्या टोकाला, जिथे तो त्या दिवशी बसला होता, तिथे जाऊन बसला. बाकीचे फोटोला बाहेर गेले. वहिनी जागच्या उठल्या नाहीत. बाकाच्या दुसऱ्या टोकावरून आवाज आला, "दाजींची खुर्ची अजून आहे का घरात?"

"आहे," त्या म्हणाल्या.

"उद्या येतो," चित्ता म्हणाला. "तुझ्याशी बोलायला नाही. तिच्यासमोर बसायला."