बुरुलकानने अडवून ठेवलेला पाळणा

मित्रांनो, मी जुनिपरच्या लाकडाचा जुना पाळणा. नारीन नदीच्या खोऱ्यात बुरुलकानच्या सासऱ्यांनी मला घडवलं. तिची सहा पोरं माझ्यात वाढली, धडधाकट निघाली. मग काय, माझ्या पायगुणाचं केवढं कौतुक! कुणाकडे बाळ जन्मलं की लोक मला मागून नेत, धुरी देत आणि बाळाला निजवत. बाळासाठी पाळणा मागायला आलेल्याला आमच्याकडे नाही म्हणत नाहीत.

पण धाकट्या मुलाचं, कुबातचं, लग्न झालं आणि बुरुलकानने नातवासाठी मला रजयांच्या ढिगामागे दडवलं. कुणी मागायला आलं, तर "मोडलाय" म्हणून सांगायची. मी चांगला ठणठणीत होतो हो!

नातू काही झाला नाही. बुरुलकानने पहिली सून ऐजान माहेरी धाडली आणि दुसरी, मेरिम, आणली. पुन्हा तेच. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी मेरिमला तपासलं, सगळं ठीक निघालं. आता नवऱ्याला आणा, म्हणाल्या. त्यावर कुबात मला थोपटून म्हणाला, "सहा पोरं वाढली यात. आमच्या घराण्यात खोट असेल?" मला फार लाज वाटली. लाकडाला काय कळतं त्यातलं?

"वसंतापर्यंत बघते, नाहीतर तूही माहेरची वाट धर," बुरुलकानने मेरिमला बजावलं. मेरिम रजयांत तोंड खुपसून रडायची.

एक दिवस नदीपलीकडची तुर्सुनाय आली. "आपा, सुनेला मुलगा झालाय. तुमचा पाळणा हवा होता."

"मोडलाय गं तो. सून कुठली केलीस?"

"तुमच्या ओळखीचीच. ऐजान."

मेरिम उठली आणि मला ओढत बाहेर घेऊन आली. "धड आहे, आई. नेऊ दे त्यांना. आणि आता मला वांझ म्हणायचं नाही."

कुबात दारात मान खाली घालून उभा होता. बुरुलकान त्याला म्हणाली, "पाळणा गाडीत घाल. यांना पोचव आणि मेरिमला घेऊन तसाच शहरात जा. स्वतःची तपासणी करून घे."

"आई, लोक काय म्हणतील?"

"ऐजानला काय म्हणत होते, ते ऐकलं नव्हतंस?"

आता मी ऐजानच्या घरी आहे. मध्यंतरी बुरुलकान साय आणि रोटी घेऊन आली. दोष कुबातमध्येच निघाला होता. औषधं चालू होती, पण डॉक्टर खात्री देत नव्हते.

"तुला उगाच घालवलं पोरी, चुकलं माझं," ती म्हणाली.

"माझं जे व्हायचं ते झालं, आपा," ऐजान बाळाला पाजत म्हणाली. "मूल होवो न होवो, मेरिमला घालवू नका."

मित्रांनो, मूल होत नसेल तर दोघांनीही तपासून घ्या. मी बाळ निजवायला आहे. माझी साक्ष काढून कुणा बाईला घराबाहेर काढू नका.