मिस लामची अंगाई

मंदाकिनीचा मिस लामवर विश्वास नव्हता, आणि तो बसावा असं ती बाई काही करतही नव्हती.

लाम सुक-यी म्हणजे एकेकाळची हाँगकाँगची नावाजलेली गायिका. कँटोनीजमध्ये गाजली, मग मँडरिन, जपानी, मलय, इंग्रजी. जिथे कार्यक्रम, तिथल्या लोकांच्या भाषेत एक गाणं, हा तिचा शिरस्ता. साठी उलटल्यावर ती कॅनडात, मिसिसागात एका कॉन्डोत राहत होती. २०१७च्या दिवाळीला गावातल्या मराठी मंडळींनी तिला बोलावलं, तेव्हा झगे अल्टर करायला येणाऱ्या मंदाकिनीला तिने विचारलं, "तुझ्या आईचं एखादं गाणं शिकवशील?"

मंदाकिनी पाघळली. आईने स्वतः रचलेली अंगाई होती, कुठे छापलेली नाही, आई गेल्यावर फक्त हिच्या तोंडी उरलेली. पहिल्या दिवशी दोन ओळी झाल्या: 'निजली गोठ्यामधली गाय, निजले दमले तुझे पाय.' बाईने त्या फोनवर रेकॉर्ड केल्या, एकदा नाही, अकरा वेळा. अर्थ मात्र एकदाही विचारला नाही. तिथेच मंदाकिनीच्या मनात पाल चुकचुकली.

"शी विल जस्ट अपलोड इट, मॉम," लेक जाई फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली. "युअर नेम वोन्ट बी एनीव्हेअर."

झालं. पुढच्या खेपेला मंदाकिनीने भिंतीवरचे अल्बम निरखले. सगळ्यांवर एकच चेहरा. शिकवणाऱ्यांची नावं कुठे आहेत? आपल्याला चिनी अक्षर वाचता येत नाही, हे तिने सोयीस्करपणे बाजूला ठेवलं.

मग तिने गळ टाकला. तिसरी ओळ होती, 'जागी उशाशी तुझी माय.' तिने शिकवली, 'चोरून खाल्ली मीच साय.' बाई स्टेजवर गाणार, चारशे माणसं फिदीफिदी हसणार, आणि मग हिने उठून गाणं कुणाचं ते सांगायचं.

कार्यक्रमाच्या दुपारी रिकाम्या हॉलमध्ये तालीम झाली. उच्चार असे, की बाई सांगलीची वाटावी. दोन ओळी गाऊन तिसरी तिने नुसती गुणगुणली.

"विसरलात?" मंदाकिनीने सावधपणे विचारलं.

"नाही. ती ओळ तुझ्या आईची नाही."

"कोण म्हणतं?"

"तुझा गळा. पहिल्या दोन ओळींना तुझा श्वास दर वेळी अडखळतो. तिसरीला एकदाही नाही." मिस लामने माईक खाली ठेवला. "एकविसाव्या वर्षी तैपेईत मला कुणीतरी गंमत म्हणून घाणेरडी ओळ शिकवली होती. सगळं सभागृह हसलं. माझी आई पुढच्या रांगेत होती. तेव्हापासून मी अर्थ विचारत नाही. अर्थ खोटा सांगता येतो."

मंदाकिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने तिथल्या तिथे खरी ओळ गाऊन दाखवली. 'माय'वर श्वास अडखळला.

"ही खरी असेल," बाई म्हणाली. "पण आज मी ती गाणार नाही."

संध्याकाळी तिने आधी सांगितलं, हे मंदाकिनीच्या आईचं गाणं. नावासकट, आईचं आणि लेकीचं, दोन्ही नावं, स्वच्छ मराठीत. मग दोन ओळी गायली, तिसरी गुणगुणली. लोकांना ते फारच गोड वाटलं, टाळ्या थांबेनात. आईची ओळ कुणाच्याच कानी पडली नाही, आणि ती अडवली होती मंदाकिनीनेच.