थांबणारी पावलं

सिनेमाची सुरुवात कशी करायची यावरून स्वयंपाकघरात सकाळपासून जुंपली होती. टेबलावर चित्रांचे कागद ओळीने मांडलेले, त्यांवर कपांचे ओले गोल उमटलेले. चित्रातली बाई आपल्याकडे तोंड करून सफरचंद सोलते आहे. तिच्या पाठीमागे लांबट बोळ, बोळाच्या टोकाला अर्धवट उघडं दार. बाई घरात एकटी राहते. दारामागच्या खोलीतून चपला ओढत कुणीतरी चालल्याचा आवाज येतो. बाई मागे वळून पाहत नाही. सोलता सोलता एवढंच विचारते, "चहा घेणार ना?"

"इथे कॅमेरा हळूहळू दाराकडे सरकला पाहिजे," लंबू म्हणाला. कॅमेरा त्याचा, आणि दाराच्या चौकटीला डोकं आपटायची सवयही त्याचीच.

"कॅमेरा हलणार नाही," थोरली म्हणाली. "बघणाऱ्याला मान वाकडी करून दारात डोकावावंसं वाटलं पाहिजे आणि डोकावता येऊ नये."

"मग मला कशाला बोलावलंस? नुसती कॅमेऱ्याची तिपाई मागवायचीस."

"तिपाई दोनदा वाढून घेत नाही," कानसेन यंत्रावरून मान वर न करता म्हणाला. आवाजाचं काम त्याच्याकडे. मुंगी शिंकली तरी दचकेल असा माणूस, म्हणून हे नाव. थोरलीला मात्र नाव चिकटवण्याची गरज पडली नव्हती. घरात दोन बहिणींतली ती थोरली, आणि कॉलेजपासूनच्या या दोघांनी तेच उचललं होतं. सिनेमा तिचा, घर तिच्या आईबाबांचं. आता नुसतं बाबांचं.

आई थंडी सरता सरता गेली. त्यानंतर थोरली काही दिवस इथेच राहिली होती. या टेबलाशी बसलं की पाठीमागून आईच्या चपला वाजतील असं वाटून तिची मान ताठ व्हायची. ती भीती होती की ओढ, हे तिला ठरवता आलं नाही. त्यातून हा सिनेमा निघाला. म्हणून सुरुवात इथेच घ्यायची, याच बोळात, आईच्याच खोलीच्या दारावर, असा तिचा हट्ट.

धाकटीने फोनवर झाडलं होतं. "बाबांच्या हृदयाचं काय सांगितलंय डॉक्टरांनी? धक्का बसेल असं काही नको. आणि तू आईच्या खोलीत भुताचा सिनेमा काढणार?"

"भुताचा नाही. मनाचा आहे."

"हो, आणि बाबांचं हृदय आधी विचारणार आहे, बाई, यातलं नक्की कुठलं!"

थोरलीने तोड काढली होती. धोका फक्त आवाजाचा होता, आणि आवाजाचं काम बाबांच्या दुपारच्या झोपेत उरकता येणार होतं. जेवण झालं की बाबा कानातलं मशीन काढून डबीत ठेवत आणि बोळातल्या उजव्या हाताच्या खोलीत आडवे होत. मग उशाशी बँड वाजवा, ढिम्म हलायचे नाहीत. दोघी बहिणींचं सगळं बालपण त्या तासाभरात धिंगाणा घालण्यात गेलं होतं.

चपलांचा आवाज कानसेनने स्टुडिओत करून पाहिला होता. नाना तऱ्हेच्या चपला, नाना तऱ्हेच्या फरशा. प्रत्येक वेळी थोरली मान हलवायची. "हे कुणीतरी चालून दाखवतंय. चालत नाहीये." शेवटी आज सकाळी, बाबा फिरायला गेलेले असताना, तिने कपाटातून आईच्या चपला काढल्या. गुडघ्याच्या दुखण्यामुळे आई डावा पाय ओढायची. डाव्या चपलेची टाच एका बाजूने पार कागदासारखी झाली होती. थोरलीने त्या घातल्या आणि आईच्या खोलीत खिडकीपासून दारापर्यंत चालली. फट्, फर्र. फट्, फर्र. कानसेनने डोळे मिटून तो आवाज टिपला. झाल्यावर त्याने हेडफोन काढून नुसता तिच्यापुढे धरला. ऐकताना तिच्या मानेवर काटा आला. हेच ते.

आता एकच राहिलं होतं. खोलीत जवळून घेतलेला आवाज कानाला फार स्वच्छ लागतो. तो त्याच खोलीत स्पीकरवर लावायचा आणि दूर स्वयंपाकघरात माइक ठेवून पुन्हा टिपायचा, म्हणजे वाटेतल्या भिंती, दार, बोळ सगळे त्यात उतरतात. जेवणं झाली. बाबा खोलीत गेले. थोरलीने थोडा वेळ जाऊ दिला, मग आईच्या खोलीत स्टुलावर स्पीकर ठेवून दार अर्धवट लोटलं. लंबूने कॅमेरा टेबलामागे रोवला. आवाजासोबत चित्राची चौकटही तपासून होईल, म्हणाला. फ्रिज बंद, पंखा बंद.

कानसेनने कळ दाबली.

फट्, फर्र. बोळातून आवाज आला आणि तिघेही आपापल्या जागी थिजले. हेडफोनमध्ये तो आणखी खरा वाटत होता. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर रिकामा बोळ, टोकाला ते दार. काही हलत नव्हतं. पावलं येत होती, दाराशी पोचत होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होती.

कानसेनच्या कपाळावर आठी पडली. "शिट्टी कसली?" तो कुजबुजला. "बारीक. ऐकतेयस?"

तिलाही ऐकू आली. केसासारखी पातळ शिट्टी, येणारी-जाणारी. "फ्रिज?"

"बंद आहे."

लंबूने हात वर करून स्वतःचा मोबाइल बंद असल्याचं दाखवलं. शिट्टी वाढली. आणि थोरलीने ती एकदम ओळखली. ही शिट्टी तिने जन्मभर ऐकली होती. मशीन कानात नीट बसलं नाही की ते अशी शिट्टी घालत असे, आणि आई म्हणायची, "अहो, कुकर झाला तुमचा, उतरवा."

तोवर पडद्यावर, उजवीकडून, बाबा चौकटीत आले.

पाठमोरे. स्वेटरची एक बाही वर सरकलेली, पायात काही नाही. भिंतीला हात टेकत ते दाराच्या दिशेने निघाले होते.

कानसेनचं बोट कळीवर गेलं. त्याने डोळ्यांनीच विचारलं, थांबवू? थोरली झरझर हिशेब करू लागली. थांबवलं तर ती पावलं बाबांच्या समोर मरणार. नाही थांबवलं तर दार उघडून त्यांना दिसणार स्टुलावरचा काळा खोका. हाक मारली तर दचकतील. आणि तशातही मनाच्या कुठल्याशा कोपऱ्यात एक विचार चमकून गेला: चौकट किती अचूक भरली आहे. त्या विचाराची तिला शिसारी आली.

बाबा दारापाशी थांबले. हात दारावर नेला, पण ढकललं नाही. अगदी रोजच्या, जराशा वैतागलेल्या आवाजात म्हणाले, "अगं, चष्मा इकडे आहे तुझा."

फट्, फर्र. फट्, फर्र.

"इकडे आहे म्हटलं ना!"

पावलं चालतच राहिली. बाबांनी मान थोडी कलती केली, ऐकत राहिले. मग त्यांचा हात दारावरून खाली आला. ते हळूच वळले आणि बोळातून सरळ कॅमेऱ्याकडे पाहू लागले.

थोरली धावली. कानसेनने कळ दाबली असावी, कारण मध्येच घर एकदम मुकं झालं.

"बाबा, बसा. बसा आधी. छातीत दुखतंय? घाम आलाय?"

"अगं, हो, हो. पडत नाही मी." पण तिच्या दंडावरची त्यांची पकड घट्ट होती, आणि खुर्चीपर्यंत ती सुटली नाही. लंबूने पाणी दिलं. बाबांनी दोन घोट घेतले. स्वयंपाकघरात कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

"मशीन काढलं नव्हतंत?" थोरलीने विचारलं. "झोपताना काढता ना तुम्ही?"

"काढायचो." बाबांनी पेला खाली ठेवला. "तुझी आई होती तेव्हा. कुणी आलं, फोन वाजला, दूध उतू गेलं तरी ती उठवायची. आता कोण उठवणार? कानात घालूनच झोपतो."

त्या डबीकडे थोरलीने आल्यापासून एकदाही पाहिलं नव्हतं.

"आधी वाटलं, तीच," बाबा म्हणाले. "खोटं कशाला बोलू? झोपेतून उठलेला माणूस. पण मी हाक मारली की ती थांबायची. काय म्हणता, विचारायची. ही थांबली नाही." ते जरा वेळ टेबलावरच्या कागदांकडे पाहत राहिले. "तू चालली होतीस ना? तिच्या चपला घालून?"

"हो."

"चांगली चाललीस."

एवढं ऐकलं आणि ती पदार्थ जळाल्यासारखी घाईघाईने ओट्याकडे वळली. ओट्यावर काही नव्हतं. पाठीमागे कानसेन खाकरला. "थोरले, बाबांचा आवाज टिपला गेलाय. सगळा."

लंबू खालच्या पट्टीत म्हणाला, "चित्रसुद्धा." तिघांनाही माहीत होतं. हजार वेळा चित्रण केलं तरी असा क्षण एखादाच सापडतो.

"पुसा," थोरली म्हणाली.

"दोन्ही?"

"दोन्ही. माझ्यासमोर."

ते पुसलं जाईपर्यंत ती पाहत राहिली. बाबा कागद उचलून चष्म्याशिवाय लांब धरून वाचत होते. "ही बाई चहाचं विचारते. आणि मग?"

"मग काही नाही. पावलं चालत राहतात."

"थांबव की ती," बाबा म्हणाले. "हिने विचारल्यावर. सिनेमाच आहे ना? तिथे तरी थांबू दे."

कानसेनने मान वर केली. थोरलीच्या डोळ्यांसमोर ते उभं राहिलं: प्रश्न, आणि दारामागे ऐकत उभं असलेलं कुणीतरी. तिथे चित्र कापायचं नाही. बाईचा सुरीवाला हात थांबेपर्यंत नुसती शांतता धरून ठेवायची. तिने पेन्सिल घेतली आणि शेवटची ओळ खोडली.

"म्हणजे आता शांतताच घ्यावी लागेल," कानसेन म्हणाला. "आईंच्या खोलीची, दार तसंच ठेवून. सगळ्यांनी उभं राहायचं, हलायचं नाही. मी हात खाली करेपर्यंत."

बाबाही उभे राहिले. थोरली बसा म्हणाली, ऐकलं नाही. कानसेनने हात वर केला, आणि लगेच तोंड वाकडं केलं. शिट्टी.

"माझी का?" बाबांनी विचारलं. कानसेन ओशाळून हसला.

बाबांनी कानातलं मशीन काढलं. ते कुठे ठेवावं असं क्षणभर पाहिलं, आणि थोरलीच्या तळहातावर ठेवलं. कोमट होतं.

"झालं की सांग मला," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

कानसेनने पुन्हा हात वर केला. घर ऐकू येऊ लागलं: नळाच्या तोंडाशी अडलेला थेंब, खिडकीची सैल काच, आणि बोळाच्या टोकाला, दारामागे, काहीच नाही. बऱ्याच वेळाने त्याचा हात खाली आला. लंबूने श्वास सोडला. बाबा तसेच उभे होते, भिंतीला न टेकता, डोळे मिटून.

थोरली त्यांच्याजवळ गेली आणि ते दचकू नयेत म्हणून आधी समोर उभी राहिली. मग तिने त्यांच्या वर सरकलेल्या बाहीला हात लावला.