नोक्वारेच्या तोंडाला दोरी

पाणीखात्याचे साहेब, माझ्या तोंडाला दोरी तुम्ही बांधलीत. गाठीवर लाखेचा शिक्का तुम्ही मारलात. आणि ज्यांनी मला घडवलं त्यांच्या अंत्यविधीला आमच्याकडचं दुखवट्याचं काळं-तांबडं वस्त्र पांघरून, पहिल्या रांगेत बसून, "थोर शास्त्रज्ञ गेला" म्हणत डोळे पुसलेत तेही तुम्हीच. तुमच्या कोठारातल्या शिपायांच्या रेडिओवर मी सगळं ऐकलं.

मित्रांनो, मी पाणी तपासणारी जुनी पेटी आहे. कुमासी शहरातल्या डॉक्टर याव न्तिरींनी जेवणाच्या टेबलावर मला बनवलं. आमच्या खडकात सोनं आहे आणि सोन्याच्या जोडीला सोमल. हे विष पाण्यात दिसत नाही, चवीलाही लागत नाही. डॉक्टरांनी ते कागदाच्या पट्टीवर डाग होऊन उतरेल अशी युक्ती काढली. तो डाग वाचायला मोडक्या कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा काटा बसवला. राहिलं माझं अंग. त्यासाठी त्यांनी बायकोच्या, म्हणजे सेरवाच्या, शिवणयंत्राचं लाकडी झाकण उचललं.

"मला विचारलंत?" सेरवाने कमरेवर हात ठेवले.

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

"मुळीच नाही."

"म्हणून नाही विचारलं."

ती फणकारली खरी, पण मला खांद्यावर घ्यायला पट्टा तिनेच शिवला.

आठव्या दिवशी माझं बारसं झालं. सेरवाच्या मामांना सगळे वोफा, म्हणजे मामाच, म्हणत. पट्टी जिथून आत जाते त्या माझ्या पितळी तोंडावर त्यांनी आधी पाण्याचा थेंब ठेवला, मग दारूचा, जसा आमच्याकडे प्रत्येक बाळाच्या जिभेवर ठेवतात. "पाणी म्हणालीस तर पाणीच असू दे. दारू म्हणालीस तर दारूच." मग म्हणाले, "जावईबापू, पोरगी तुमच्यावर गेलीय. डोकं चौकोनी." नाव ठेवलं नोक्वारे, म्हणजे खरं.

रविवारी चर्च सुटलं की सगळं बिऱ्हाड निघायचं. भाताचा डबा, सेरवा, लेक दुफी आणि मी. घरच्यांना मागे टाकून जगाचं भलं करायला निघणं डॉक्टरांना मान्य नव्हतं. विहिरीपाशी दुफी पट्ट्या कापायची, बायका श्वास रोखून बघायच्या. काटा हिरव्यात थांबला की गाणी. तांबड्यात गेला की त्याच दिवशी विहीर बंद करायला तिच्यावर काटेरी फांद्या पडायच्या. एका गावाने तर मला कोंबडी भेट दिली. ती वोफांनी खाल्ली.

मग सेरवाच्या माहेरी तुमच्या नावाची पाटी लावलेला हापसा आला, साहेब. तुम्ही फीत कापलीत. टाळ्या चालू असतानाच डॉक्टरांनी पाणी तपासलं. काटा तांबड्याच्या पार टोकाला गेला.

"आजचा दिवस गप्प बसा, डॉक्टर," तुमचा माणूस त्यांच्या कानाशी लागला. "समारंभ आहे."

"माझी सासू हे पाणी उद्यापासून पिणार आहे," डॉक्टर म्हणाले, तेही माईकसमोर.

मान्यता नसलेलं उपकरण म्हणून तुम्ही मला उचलून नेलंत. डॉक्टरांनी दुसरी पेटी बनवली. तीही आणलीत. त्यांनी तिसरी बनवली. आम्ही तिघी बहिणी तुमच्या कोठारात एकाच फळीवर धूळ खातोय. चौथी अर्धी झाली असताना ते गेले. शेवटपर्यंत ते सासुरवाडीच्यांना एकच सांगत होते, पाणी दुसरीकडून आणा.

आता तुम्ही म्हणे मला काचेच्या कपाटात ठेवणार, खाली त्यांचं नाव लिहून. दोरी मात्र तशीच. काल दुफी तुमच्या कोठाराच्या खिडकीशी आली होती.

"कपाट बघ तरी, पोरी," तुमचा कारकून म्हणाला. "अस्सल सागवानी आहे."

"मग काका, त्यात हापसा ठेवा आणि कुलूप लावा," ती म्हणाली. "माझ्या मावसभावंडांच्या तळहातांवर सोमलाचे काळे ठिपके आलेत. बाबांचं कौतुक नंतर करा."

जाताना तिने सांगितलं, चौथी पेटी तिने पुरी केली आहे. आता तीही नेऊन दाखवा म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंची काळजी म्हणजे फडक्याने पुसणं नव्हे. आम्हाला कामाला लावा, आणि आम्ही सांगितलेलं नकोसं वाटलं तरी ऐका. माणसांचंही तसंच आहे. जिवंतपणी ऐकून घ्या, मेल्यावर हार कशाला?

आणि साहेब, तुम्ही. त्या हापशावर आत्ताही रांग लागली असेल. तो कधी बंद करताय? तारीख सांगा.