किंचित दुधाळ

परिचारिकेने ट्रेमधली पहिली, ताईसाठीची सिरिंज उजेडात धरून टिचकी मारली आणि ठमी खुर्चीतून उठली. आतला द्रव किंचित दुधाळ होता. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. ट्रेमधली दुसरी सिरिंज शेजारच्या खाटेवरच्या मुलीसाठी होती. त्या सिरिंजमधला द्रव जवळजवळ पाण्यासारखा.

दोन्ही औषधं ठमीच्याच प्रयोगशाळेत तयार झाली होती. जनुक एकच, ते गुंडाळायला वापरलेली चरबी तेवढी वेगळी. एकीच्या रेणूंच्या शेपट्या वाकड्या, दुसरीच्या सरळ. पेशी दोन्ही कण सारखेच गिळते आणि आत एका पिशवीत कोंडते. वाकड्या शेपट्या त्या पिशवीचं आवरण विस्कटतात. जनुक बाहेर पडून कामाला लागतं. सरळ शेपट्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, द्रवालाही त्यामुळेच ती दुधाळ छटा येते. पिशवी शाबूत राहते, जनुक आतच संपतं. काचेच्या बशीत तरी ठमीने हेच पाहिलं होतं. वाकड्या शेपट्यांच्या चरबीने काही पेशी मारल्याही होत्या, म्हणून माणसांवर दोन्ही तपासायच्या ठरल्या. कुणाला कोणती, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं आणि इथे कुणालाच ठाऊक नव्हतं. ठमीलाही कळायला नको होतं. आज ती फक्त बहीण म्हणून आली होती.

डोस एकदाच मिळणार होता. आई यकृतानेच गेली होती, आणि ताईचंही त्याच वाटेने निघालं होतं.

"एक मिनिट थांबता का?"

"काही चुकलं का?" परिचारिकेने विचारलं.

ठमीने कपाळावरचा घाम पुसला.

"सुई मला टोचणार आणि घाम हिला फुटलाय," ताई म्हणाली. "द्या हो तिला मिनिटभर."

परिचारिका हसली आणि नळी आणायला कपाटाकडे गेली. ठमी वाकली.

"ताई, घेऊ नकोस हे."

"का?"

"सांगता येत नाही मला."

ताईने तिच्याकडे बघितलं, मग ट्रेकडे.

"आणि ती दुसरी?"

ठमीने शेजारच्या खाटेकडे बघितलं.

शेजारची मुलगी विशीचीही नसेल. सकाळपासून कुणाशी बोलली नव्हती. चादरीचा एकच कोपरा दुमडत आणि उलगडत होती.

"मला ओळखू आलं, असं डॉक्टरांना सांगते," ठमी पुटपुटली. "आजचं थांबवतील. नव्याने चिठ्ठ्या टाकतील."

"हिचीही चिठ्ठी पुन्हा?"

"हो."

"बस खाली."

"ताई, अगं..."

"बस म्हणते ना."

परिचारिका परतली. ताईने उजवा हात पुढे केला. "लावा."

सुई आत गेली. औषध सोडणारा पंप बारीक घुरघुरू लागला.

"दुखतं का हो?" मुलीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"छे, मुंगी चावल्यासारखं. घाबरू नकोस, तुझं छान होईल."

आवाज नेहमीचाच होता. डाव्या हाताने मात्र तिने ठमीचं मनगट धरलं होतं. आपण उठून डॉक्टरांकडे जाऊ नये म्हणून, असं ठमीला वाटलं. मुलीलाही सुई लागली, तिचाही पंप सुरू झाला, आता थांबवण्यासारखं काही उरलं नाही, तरी ती पकड सुटेना. ठमीने हळूच खाली बघितलं. ताईची बोटं गार पडली होती आणि थरथरत होती.