बस्त्याची गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे. लोळायच्या गाद्यांमध्ये मला कुणी मोजलेलं मला मुळीच खपत नाही. मी दुकानाची गादी. मिरजेच्या नदाफ स्टोअर्समध्ये मी भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेली असे. अंगावर पांढरीशुभ्र चादर, कडेला लोड. दारात चपला काढल्या की कुणीही माझ्यावर बसावं, मग तो तलाठी असो नाहीतर ऊसतोड मजूर.

मला चांदसाहेब नदाफांनी स्वतःच्या हातानं केलं. त्यांचं घराणं पिंजाऱ्यांचं, धनुकलीच्या तारेनं कापूस पिंजणाऱ्यांचं. मिरजेत सतारी करणारे पुष्कळ, त्यामुळं चांदसाहेब थट्टेनं म्हणत, "त्यांच्या तारेतनं राग निघतो, आमच्या तारेतनं कापूस!" लोकांसाठी गाद्या करता करता त्यांनी कापडाचं दुकान काढलं आणि दुकानासाठी मला केलं. टाके त्यांचेच. थोडे वाकडे आहेत, पण आजवर उसवलेले नाहीत.

आमचं नाव झालं ते बस्त्यामुळं. बस्ता म्हणजे लग्नाचा कपडा. नवरीच्या शालूपासून लांबच्या मामाच्या टॉवेल-टोपीपर्यंत सगळं एकाच दिवशी, एकाच दुकानात, दोन्हीकडच्या माणसांनी मिळून घ्यायचं. त्यासाठी अख्खा टेम्पो भरून माणसं येत. चांदसाहेबांचा नियम असा की आधी सगळ्यांना बसवायचं, चहा-भडंग द्यायचं आणि पहिली घडी उलगडायची ती घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसासमोर. त्यानं मान हलवल्याशिवाय दुसरी घडी काढायची नाही.

आणि मित्रांनो, बस्ता म्हटलं की रुसवा आलाच. आष्ट्याजवळचे हंबीरराव लेकीचा बस्ता बांधायला आले होते, त्या दिवसाची गोष्ट. बरोबर त्यांची बायको अंबूबाई आणि बहीण शालूबाई. शालूबाईंना वाटलं, आपल्या लुगड्याचा काठ नवऱ्या मुलाच्या आत्याच्या काठापेक्षा बारीक आहे. त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या.

"मला न्हाई बघायचं. तुमचं चालू द्या."

हंबीररावांचा चेहरा उतरला. आता लग्नात बहीण येते की नाही, अशी वेळ आली. तेव्हा चांदसाहेब माझ्यावरून गुडघ्यांवर सरकत त्यांच्यापुढं गेले आणि एक रुंद काठाचं लुगडं त्यांच्या मांडीवर पसरून म्हणाले, "आक्का, तुमी नका बघू. पर ह्याला तरी तुमच्याकडं बघू द्या की!"

शालूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. हंबीररावांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "चांदभाई, आमच्या घरचा बस्ता आता हितंच. नातवंडांचा बी." हे जमलं ते सगळे बसलेले होते म्हणून. उभं राहून रुसलेलं माणूस सरळ दाराबाहेर जातं.

पुढं दुकान वाढलं. वरच्या मजल्यावर भांडी आली, बॅगा आल्या, खेळणी आली. मग सांगली, आष्टा, कराड, सातारा इथंही दुकानं निघाली. मला तेव्हा फार गर्व झाला होता. आठवडी बाजारात बायका "नदाफकडचं हाय" म्हणून पदर पुढं करून दाखवत, तेव्हा मला माझंच कौतुक झाल्यासारखं वाटे.

चांदसाहेब गेले ते मिरजेतच. दोन्ही मुलगे, थोरला अश्फाक आणि धाकटा तारिक, उशाशी होते. ते एवढंच म्हणाले, "काय बी करा पोरांनो, गादी मोडू नका."

मित्रांनो, ते माझ्याबद्दल बोलत होते. माणसांना बसवा, बसवायचं सोडू नका, एवढाच त्याचा अर्थ. पण गादी म्हणजे घराण्याची सत्ता, असाही अर्थ आहे ना! दोघांना तोच ऐकू आला. अश्फाकला वाटलं, अब्बांच्या जागेवर थोरल्यानंच बसायचं. तारिकला वाटलं, अब्बांनी दुकानं वाढवायला सांगितलीत. एकानं काचेची केबिन करून घेतली, दुसऱ्यानं शिरवळला हायवेवर तीन मजली दुकान काढलं. वर्षभर भांडून त्यांनी दुकानं वाटून घेतली. कराडपासून पुढची तारिककडं, अलीकडची अश्फाककडं.

एका गोष्टीत मात्र भावांचं एकमत झालं. जुनाट दिसते म्हणून दोघांनीही सगळ्या दुकानांतल्या गाद्या काढल्या. त्यांच्या जागी काउंटर आले, एकच भाव आला, थंड हवा आली. मला गुंडाळून माळ्यावर टाकलं. वरून मला खालचं ऐकू येई. म्हाताऱ्या बायका काउंटरला टेकून "पाय भरून आलं बाई" म्हणत आणि निघून जात. रुसायला जागा नव्हती आणि समजूत काढायलाही नव्हती. बस्ते कमी झाले. पुढं लोकांना कपडा मोबाइलवरच मिळू लागला. शिरवळचं दुकान सगळ्यात आधी बंद पडलं. कारखान्यातली माणसं बसमधून त्याच्याकडं बघत आणि पुढं जात. मग सातारा गेलं, कराड गेलं, आष्टा आणि सांगलीही गेली. मिरजेचं तेवढं राहिलं, तेही एका डॉक्टरांनी दवाखान्यासाठी विकत मागितलं.

अश्फाकची मुलगी फिरदोस मात्र हटून बसली. ती बापाला म्हणाली, "अब्बा, एक संधी द्या. दादाजी करायचे तसं करून बघते."

अश्फाक म्हणाला, "ह्या लग्नसराईत एक पुरा बस्ता होऊ दे, दुकान ठेवू. न्हाईतर बास."

तिनं काउंटर हलवले. मला माळ्यावरून उतरवलं, चार दिवस ऊन दाखवलं, नवी चादर घातली. जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. बहुतेकांनी "बघू" म्हटलं. हंबीरराव मात्र म्हणाले, "येतो की! नातीचं लगीन हाय." ते ऐकून फिरदोस माझ्यावर मटकन बसली आणि लहान मुलीसारखी हसली. खोटं कशाला सांगू, माझाही कापूस त्या दिवशी फुलला.

हंबीरराव आले. अंबूबाई आता नाहीत. बरोबर फक्त नात सृष्टी. नातू विश्वजीत बाहेर गाडीतच बसून राहिला. दुसऱ्या बाजूचं कुणीच नव्हतं. फिरदोसनं दारापर्यंत जाऊन त्यांना आत आणलं.

"या आबा, बसा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एक पाय माझ्यावर ठेवला, वाकले, आणि भिंतीला हात टेकून तसेच थांबले. "आता खाली बसाय येत न्हाई गं पोरी. गुडघी गेली. खुर्ची हाय का?"

केबिनमधून अश्फाकची खुर्ची आणली. पाय माझ्यावर आणि बाकीचा सगळा माणूस वर, असे ते बसले. चहा-भडंग आलं. फिरदोसनं पहिला शालू काढला आणि त्यांच्यासमोर उलगडला.

सृष्टी हळूच म्हणाली, "ताई, नका उलगडू. माझं सगळं झालंय. शालू पुण्यात घेतला, बाकीचं ऑनलाइन. त्यांच्याकडचं पण झालंय. आजोबांचा हट्ट होता म्हणून आलो."

हंबीररावांच्या हातातली बशी तशीच राहिली.

"झालंय? कवा?"

"दिवाळीतच, आजोबा."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

फिरदोस तो शालू धरून बसली होती. समजूत काढायला आमच्यात कुणी उरलं नव्हतं. शेवटी हंबीररावांनीच विचारलं, "टॉवेल-टोप्या तरी हायत का? मानाच्या माणसास्नी लागतील."

टॉवेल-टोप्यांची एक पिशवी भरली. तेवढाच बस्ता. ते गेल्यावर फिरदोसनं शालूची घडी घातली, ती नीट बसेना, तिनं पुन्हा घातली. अश्फाक खुर्ची परत न्यायला आला होता. तो म्हणाला, "बास, बेटा." तिनं मान हलवली. संध्याकाळी त्यानं डॉक्टरांना होकार कळवला. मी आता पुन्हा गुंडाळून दाराशी पडले आहे. पिंजून फुगणारा कापूस हा नव्हे, असं मला नेणाऱ्या भंगारवाल्यानं आधीच सांगितलं आहे.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू शेवटी 'आम्हाला जपा' असं सांगतो. मी सांगणार नाही, जपून आता माझं काही व्हायचं नाही. तुम्ही कपडे पुण्यात घ्या, मोबाइलवर घ्या. फक्त घेण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा बसवून विचारा, रंग कसा वाटतो म्हणून. तुम्ही विचाराल असं मला खरंच वाटत नाही. तरी सांगते, कारण त्या दिवशी हंबीरराव दारात चपला घालायला वाकले, ते कितीतरी वेळ वाकलेलेच राहिले. पिशवी त्यांनी छातीशी धरली होती, आणि बाहेर त्यांच्याच गाडीचा हॉर्न वाजत होता.