सहा माणसांची होडी

मी एक जुनी होडी आहे आणि एका अख्ख्या बेटाचं भवितव्य माझ्या खांद्यांवर आहे. होडीला खांदे नसतात, हे मला ठाऊक आहे. शिवाय आत्ता माझ्या पोटात एक कोंबडी बसली आहे. तरीही मित्रांनो, विधान खरं आहे.

माझ्या फळ्या एकीवर एक चढवून ठोकलेल्या आहेत, पूर्वी उत्तरेकडून आलेल्या समुद्री लुटारूंच्या जहाजांसारख्या. ते लुटारू लुटायला आले आणि इथल्याच गेलिक बोलणाऱ्या बायकांशी संसार थाटून बसले. आमचा टॉर्कल अजून मिशीवर ताव मारतो, "आम्ही लुटारूंचे वंशज!" एकोणऐंशी वर्षांच्या मार्सलीबाई म्हणतात, "आणि आम्ही लुटलेल्यांचे. तरी कोंबड्या माझ्याकडेच जास्त आहेत, मेल्या."

आमच्याकडे धक्का नाही. जहाज लांब उभं राहतं. पीठ, कोळसा, टपाल, सगळं मी आणते. मग मला भरतीच्या वर ओढायला सहा जण लागतात. पाच ओढणारे, आणि देवमाशाच्या फासळ्यांना चरबी चोपडून त्या माझ्या तळाखाली एकामागून एक सरकवणारा सहावा. एकदा पाचांनीच ओढून पाहिलं, तर माझी फळी तडकली. बेटावर माणसं सहाच आहेत. फासळ्या मार्सलीबाई सरकवतात.

मागच्या आठवड्यात त्यांचा मुलगा रानाल्ड त्यांना ग्लासगोला न्यायला आला. बाईंनी कोंबड्या टॉर्कलला देऊन टाकल्या, रविवारची टोपी घातली आणि माझ्यात येऊन बसल्या. त्या गेल्या की उरलेल्या पाचांनाही बेट सोडावं लागणार, हे सगळ्यांना कळत होतं. पण मायलेकांच्या मधे बोलायचं कुणी? सगळे वल्ही मारत राहिले.

जहाजापाशी पोहोचलो. रानाल्ड शिडी चढला, बॅगही चढली. बाईंनी शिडीला हात लावला आणि मागे वळल्या.

"परत गेल्यावर फासळ्या कोण लावणार रे?"

"बघू आम्ही, मार्सलीताई," टॉर्कल समुद्राकडे बघत म्हणाला.

"काय बघणार? ही फुटताना?"

"आई, चल ना!" रानाल्ड वरून ओरडला. "तिथे तुला जिनासुद्धा चढायचा नाही. लिफ्ट आहे!"

"तुझ्या लिफ्टला मी लागत नाही रे बाळा. हिला लागते. बॅग दे खाली."

बॅग खाली आली. परतताना टॉर्कलने असं वल्हं मारलं, की त्याच्या पूर्वजांनी लुटीला जातानाही मारलं नसेल. किनाऱ्यावर बाईंनी टोपी न उतरवताच फासळ्या सरकवल्या आणि मी एका दमात वर आले. राजाचं जहाजसुद्धा इतक्या थाटात आलं नसतं.

तेव्हा मित्रांनो, जिला ओढायला सहा माणसं लागतात तिला ओझं म्हणू नका. तिच्यापायीच सहा माणसं एकत्र राहतात.

बाकी माझं काही मागणं नाही. फक्त टॉर्कलने बाईंच्या कोंबड्या परत कराव्यात. लुटारू लूट परत करत नाहीत, असं तो म्हणतो. त्यातल्या या एकीला मात्र घर कोणतं ते कळेनासं झालंय, म्हणून ती माझ्यात बसते. आणि टोचते हो.